किसणी चालली, सोलणी अडली

एकादशीला आपल्या ताटात येणारा साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कंदाबद्दल आज बोलायचे आहे. मात्र बोलायचे आहे ते आफ्रिकेतले. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज जहाजांबरोबर तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला आणि तिथे मुख्य अन्न होऊन बसला. आज जगात सर्वांत जास्त कसावा नायजेरियात पिकतो, वर्षाला साधारण सहा कोटी टन. आपल्याकडे तो उपासाला लागतो, तिकडे तो रोजच्या जेवणाचा आधार आहे. तिथे त्याची 'गारी' करतात. गारी म्हणजे आंबवून, पिळून, भाजलेला कसाव्याचा कोरडा रवा. गार पाण्यात भिजवून साखर-शेंगदाण्यांबरोबर खातात, किंवा उकळत्या पाण्यात घोटून त्याचा 'एबा' नावाचा घट्ट गोळा करतात आणि रश्शाबरोबर जेवतात.

नायजेरियातल्या न्सुक्का, इबादान, अबेओकुटा इथल्या विद्यापीठांत, घानात कुमासीला, कृषी अभियांत्रिकी आणि अन्न तंत्रज्ञान विभागांनी गेली पन्नासेक वर्षे या एका पदार्थाच्या यंत्रांवर काम केले आहे. गारीचे टप्पे मोजके आहेत: सोलणे, धुणे, किसणे, आंबवणे, पिळणे, चाळणे, भाजणे. यांतल्या किसण्याचे आणि पिळण्याचे यंत्र गावोगाव पोचले. सोलण्याचे आणि भाजण्याचे यंत्र अजून बहुतांश ठिकाणी पोचलेले नाही, ते काम बायकांच्या हातांनीच होते. असे का, हा आजचा विषय. पैसा नाही, वीज नाही, सरकारचे लक्ष नाही ही नेहमीची उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. किसणीलाही तेवढीच वीज आणि तेवढाच पैसा होता. उत्तर कंदातच शोधावे लागते.

कंद जमिनीत असेपर्यंत टिकतो, पीक तयार झाल्यावरही कित्येक महिने तो काढला नाही तरी चालते. एकदा उपटला की दोन-तीन दिवसांत आतून निळ्या-काळ्या रेषा पडतात आणि तो वाया जातो. ही बुरशी किंवा कूज नव्हे. जखम झालेल्या पेशींची स्वतःचीच प्रतिक्रिया आहे, आणि उपटताना जखम टळत नाही. वर वजनाचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग पाणी. म्हणजे दूरच्या कारखान्याला कंद पाठवणे म्हणजे ट्रकभर पाणी नासायला पाठवणे. म्हणून यंत्राने शेताजवळ जावे लागते, आणि शेताजवळ जाणारे यंत्र गावातल्या वेल्डरला दुरुस्त करता आले पाहिजे. ही पहिली अट.

दुसरी अट विषाची आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. कसाव्याच्या पेशीत लिनामारिन नावाचे संयुग असते. ते स्वतः फारसे निरुपद्रवी नसले तरी निदान बंद पेटीत असते: पेशीच्या पोकळीत. ते तोडणारे विकर, लिनामारेज, पेशीभित्तीत असते. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते, लिनामारिनमधून साखर सुटते आणि ॲसिटोन सायनोहायड्रिन नावाचा मधला पदार्थ बनतो. तो पुढे तुटून हायड्रोजन सायनाइड वायू होतो. वजनाचा हिशेब असा: २४७ ग्रॅम लिनामारिनमधून २७ ग्रॅम हायड्रोजन सायनाइड. गोड जातींच्या ताज्या गरात किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड निघते, कडू जातींत ते कित्येक पटींनी जास्त असते. कडू जाती लावतात त्या मुद्दाम. चोर, माकडे आणि रानडुकरे त्यांच्यापासून लांब राहतात.

आता गंमत पाहा. हायड्रोजन सायनाइड २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणजे नायजेरियाच्या दुपारी तो आपणहून उडून जातो. अडचण त्याची नाही. अडचण आधीच्या दोन पायऱ्यांची. लिनामारिन तुटायला विकर आणि पाणी लागते. सायनोहायड्रिन तुटायला सामू पाचच्या वर हवा किंवा उष्णता हवी. लगदा आंबत गेला की सामू चारच्या आसपास उतरतो आणि सायनोहायड्रिन तिथेच ठाण मांडून बसते. म्हणजे 'आंबवल्याने विष जाते' हे जे सर्रास सांगितले जाते, ते गारीच्या बाबतीत अर्धेच खरे. विष तुटते ते किसल्यावर पहिल्या काही तासांत. आंबवण्याने मुख्यतः चव येते आणि विकराला वेळ मिळतो. उरलेले सायनोहायड्रिन काही पिळलेल्या पाण्याबरोबर वाहून जाते, काही तव्यावर उडते. 'फुफु' या कसाव्याच्या दुसऱ्या पदार्थासाठी मात्र अख्खे कंद तीन ते पाच दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. तिथे जिवाणूच पेशी मऊ करून फोडतात, म्हणून त्या पद्धतीत आंबवण्याचे श्रेय खरोखर आंबवण्याचे आहे. एकाच कंदाच्या दोन पदार्थांत एकाच शब्दाचा अर्थ असा बदलतो.

यंत्र करणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढे: किसणे ही केवळ आकार लहान करण्याची क्रिया नाही, ती रासायनिक क्रिया सुरू करणारी कळ आहे. किस जाड राहिला तर पेशी अखंड राहतात, आणि अखंड पेशीतले लिनामारिन पुढच्या कुठल्याही टप्प्यात पुरेसे निघत नाही.

सोलण्यापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त प्रबंध बहुधा याच टप्प्यावर खर्ची पडले असावेत. न्सुक्काच्या नायजेरिया विद्यापीठात ओडिग्बो यांनी १९७६ साली कसावा सोलणाऱ्या यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला. पाती बसवलेला एक दंडगोल, शेजारी एक भरीव दंडगोल, दोन्ही फिरते, आणि त्यांच्यामधून स्वतःभोवती गोल फिरत जाणारे कंदाचे तुकडे. आखणी हुशारीची होती, आणि नंतरच्या कित्येक आराखड्यांत तिचा अंश सापडतो. पण ती चालायला कंद ठरावीक लांबीचे कापलेले आणि जवळपास एका जाडीचे लागतात. कापणे आणि निवडणे हातानेच. मग हाताचे काम वाचले किती?

दुसरा मार्ग घासण्याचा: आतून खरखरीत केलेले पिंप, त्यात कंद, वरून पाणी, आणि फिरवणे. बटाट्याला हे छान चालते. कसावा बटाट्यासारखा नसतो. एक टोक जाड, दुसरे शेपटीसारखे, मध्ये बाक, कधी खाच, वर देठाचा लाकडी बुंधा. शिवाय उपटून दिवस उलटला की साल सुकून गराला चिकटते, आणि काल चांगले सोलणारे यंत्र आज अर्धी साल तशीच ठेवते.

याचा हिशेब कागदावर करून पाहावा. कंदाचा व्यास ६ सेंटिमीटर आणि साल २ मिलिमीटर धरा. यंत्राने खाचांतली सालसुद्धा निघावी म्हणून सरसकट ४ मिलिमीटर काढले. जास्तीचे फक्त २ मिलिमीटर, पण गराच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी घटते. शेपटीकडे व्यास ३ सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच चुकीने २८ टक्के गर जातो. हाती सुरी घेतलेली बाई सालीत एक उभी चीर देते आणि साल पट्टीसारखी सोलून काढते, कारण ताज्या कंदात साल आणि गर यांच्यामध्ये एक नैसर्गिक सांधा असतो. तिची सुरी सांधा शोधते. यंत्राचे पाते अंतर मोजते. 'सोलण्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांवर' असे शोधनिबंधात वाचले की लगेच शेजारचा आकडा शोधावा: गराचा किती टक्के भाग सालीबरोबर गेला, आणि कंद कुठल्या जातीचे, किती तासांपूर्वी उपटलेले होते. हे दोन आकडे नसतील तर त्या ९० टक्क्यांचा उपयोग पदवी मिळण्यापुरताच.

साल काढणे टाळताही येत नाही. सालीत गरापेक्षा सायनाइड बरेच जास्त असते, विशेषतः गोड जातींत हा फरक मोठा असतो, आणि सालीने गारी काळपट व चरचरीत होते.

किसणीची गोष्ट उलट. इथे कंदाच्या वेडावाकडेपणाने काहीच अडत नाही. सगळे शेवटी लगदाच व्हायचे आहे. यंत्र पाहिले तर हसू येईल इतके साधे: लाकडी रूळ, त्यावर गुंडाळलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा, पत्र्याला खिळ्याने आतून बाहेर पाडलेली भोके, म्हणजे भोकांच्या फाटक्या कडा बाहेर दात म्हणून उभ्या राहतात. वर कंद टाकायचे लोखंडी हॉपर, खाली पन्हळ, पाच अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन आणि पट्टा. आपली नारळ-गाजराची किसणी गुंडाळून मोटरला जोडली, इतकेच. हे यंत्र पसरवण्यात प्रयोगशाळेइतकाच वाटा गॅरेजचा आहे. कुमासीच्या विद्यापीठाने १९७२ मध्ये तंत्रज्ञान सल्ला केंद्र काढले आणि १९८० मध्ये त्याचे एक केंद्र थेट सुआमे मॅगझिन या कारागीर वस्तीत नेऊन बसवले. कोल्हापूरचे उद्यमनगर डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्या मधोमध विद्यापीठाची लेथ आणि ओतशाळा. संशोधन कारागिरांच्या वस्तीत नेण्याची ही कल्पना शोधनिबंधांच्या यादीत दिसत नाही, पण घानातल्या गावागावांतल्या यंत्रांत दिसते.

साधे असले तरी यंत्र बिघडते, आणि कुठे बिघडते ते ठरलेले असते. आंबट लगदा जस्ताचा थर खातो, मग लोखंड गंजते, किस करडा पडतो. लाकडी रूळ सतत ओला राहून कुजतो, खिळे सैल होतात, पत्रा एका बाजूला सरकतो. दात काही आठवड्यांत बोथट होतात, पण इंजिन चालू असते आणि लगदा पडत असतो, त्यामुळे पत्रा बदलायचे कुणाच्या मनात येत नाही. इथेच मघाची रसायनाची गोष्ट आडवी येते: बोथट दात कंद फोडत नाहीत, चिरडून तुकडे पाडतात. चाळणीवर तुकडे राहण्याचे प्रमाण वाढले की पत्रा बदलायची वेळ झाली, हा गावातल्या कुणालाही करता येणारा तपास. तुकडे परत हॉपरमध्ये टाकावेत.

स्टेनलेस स्टीलचा पत्रा हा पाठ्यपुस्तकी उपाय. तो गंजत नाही हे खरे. पण तो ठोकताना कडक होत जातो, खिळ्याने भोके पडत नाहीत, पंच लागतो, आणि बोथट झाल्यावर गावात बदलता येत नाही. मधला तोडगा बरा वाटतो: हॉपर, पन्हळ आणि रुळाची बाजू स्टेनलेस, दातांचा पत्रा मात्र स्वस्त आणि बदलता. रूळ आणि कवचाची खालची फट समायोजित करता येईल असे दोन बोल्ट ठेवले तर निम्म्या तक्रारी संपतात. आणि इंजिनची कप्पी बदलताना रुळाची कप्पीही मोजावी. पेट्रोल इंजिन मिनिटाला तीन हजारांवर फेरे घेते. हाताला लागली ती कप्पी बसवली तर रूळ इतका वेगात फिरतो की कंद दातांना भिडण्याऐवजी वर उडतो, आणि माणूस तो हाताने दाबायला जातो. बोटे जातात ती अशी. हॉपर उंच हवा आणि दाबायला लाकडी ठोकळा हवा.

पिळण्याकडे येऊ. पूर्वी लगद्याच्या पोत्यांवर दगड ठेवून तीन-चार दिवस पाणी गळू देत. त्यातच आंबणेही होई. आता लोखंडी चौकट आणि ट्रकचा ३० टनी हायड्रॉलिक जॅक. दाबाचा अंदाज घ्या: ३० टन बल ६० × ६० सेंटिमीटरच्या पाटावर, म्हणजे सुमारे ८०० किलोपास्कल, वातावरणाच्या दाबाच्या आठपट. भरपूर आहे. तरीही लगदा ओला राहतो अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते, आणि मग कुणीतरी ५० टनी जॅक सुचवतो.

चूक दाबाची नसते, जाडीची असते. स्थापत्य अभियंत्यांना मातीतले पाणी निघण्याचा नियम माहीत असतो: पाणी निघायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लगद्यालाही तोच लागू. तीस सेंटिमीटर जाडीच्या पोत्याऐवजी पंधराचे केले तर वेळ चौथाईवर येतो. दोन पोत्यांच्या मध्ये लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवली की प्रत्येक पोत्याला दोन्ही बाजूंनी वाट मिळते. उलट, एकदम पूर्ण दाब दिला की पोत्याला लागून असलेला थर आधी घट्ट होतो, त्याची छिद्रे बुजतात, आतले पाणी अडकते आणि शेवटी पोते फाटते. थोडा दाब, पाण्याची धार बारीक होईपर्यंत थांबणे, मग पुढचा दाब. हे सांगायला सोपे, पण जॅकवाल्याला घाई असते. चौकटीत दोन गोष्टी तपासायच्या. पोती वाकडी रचली तर जॅक तिरका बसून निसटतो, म्हणून पाटाला मार्गदर्शक दांडे हवेत. आणि जॅक वरच्या बाजूला असेल तर त्याचे तेल अन्नावर गळते, तो खालून वर दाबेल अशी रचना केलेली बरी.

पिळणे चांगले का हवे, याचा हिशेब भाजण्यात निघतो. एक टन कंद घेऊ. साल-बुंधा जाऊन ७५० किलो गर उरला, त्यात ६५ टक्के पाणी. म्हणजे घन भाग सुमारे २६२ किलो. पिळून ओलावा ४५ टक्क्यांवर आणला तर ४७७ किलो पेंड राहते. ती १० टक्के ओलाव्याच्या गारीपर्यंत सुकवायची म्हणजे १८५ किलो पाणी तव्यावर उडवायचे. पिळणे आळशीपणाने ५० टक्क्यांवर थांबवले तर २३३ किलो. केवळ पाच टक्क्यांचा फरक, पण उडवायचे पाणी चौथाईने वाढले. उघड्या चुलीची कार्यक्षमता १२ टक्के आणि लाकडाची उष्णता किलोला १५ मेगाज्यूल धरली तर पहिल्या बाबतीत सुमारे २३० किलो लाकूड लागते, दुसऱ्या बाबतीत २९० च्या वर. साठ किलो सरपण जॅकच्या अर्ध्या तासात वाचत होते. (कागदावर गारी २९० किलो निघते. प्रत्यक्षात ती २०० ते २५० किलोच मिळते, कारण स्टार्च पाण्याबरोबर जातो, तंतू चाळणीवर राहतात, आणि थोडे तव्यावरून उडते.)

भाजणे. या टप्प्याला सुकवणे म्हटले की यंत्र फसलेच म्हणून समजा. साबुदाण्याची खिचडी करणाऱ्यांना हे पटकन कळेल. पाणी जास्त राहिले तर खिचडीचा गिचका होतो, कमी भिजला तर दाणा कडक राहतो. तामिळनाडूत सेलमकडे साबुदाणा करतानाही ओल्या स्टार्चच्या गोळ्या तापल्या तव्यावर घेतात, त्यांचे बाहेरचे आवरण शिजते, मग वाळवतात. गारीत तसेच दोन काम एकामागून एक व्हायला हवीत. आधी स्टार्च शिजला पाहिजे: साधारण ६५ ते ८० अंशांदरम्यान, पाणी असतानाच. मग ते सुकले पाहिजे. पेंडीतला ओलावा ४५ ते ५० टक्के ही त्याची अरुंद खिडकी. त्याहून ओली पेंड तव्यावर पडली की गोळे होतात, बाहेरून कडक, आतून कच्चे. फार कोरडी पडली तर स्टार्च शिजायला पाणीच पुरत नाही, आणि निघतो तो नुसता वाळलेला कीस. दिसायला गारीच. पण गार पाण्यात टाकला की कळते: चांगली गारी तिपटीच्या पुढे फुगते, ही फुगत नाही, तळाशी बसते.

भाजणारी बाई भोपळ्याच्या करवंटीच्या तुकड्याने किंवा लाकडी फळीने एकाच हालचालीत तीन गोष्टी करते. पेंड तापल्या पृष्ठभागावर दाबते, लगेच खरवडून काढते, आणि उलटी फेकते. दाबल्याने उष्णता आत जाते, खरवडल्याने गोळा बनत नाही, फेकल्याने वाफ सुटते. सुरुवातीला ती थोडी थोडी पेंड घालते आणि जोरात दाबते. शेवटी दाबणे सोडून नुसते हलवते. यंत्रांत सहसा एका वेगाने फिरणारी पाती असतात. पाती आणि तवा यांच्यात फट ठेवली की तळाला थर करपतो, फट काढली की तव्याचा पत्रा घासतो, आणि तापल्यावर पत्रा फुगून मध्ये उचलला की एकाच ठिकाणी दोन्ही होते. लागोसच्या ओशोडीतल्या सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेने आणि न्सुक्काच्या अभियंत्यांनी संपूर्ण यांत्रिक गारी संयंत्रे उभारून दाखवली आहेत. ती चालतात. पण त्यांना एकसारख्या ओलाव्याची, आधी भुगा करून चाळलेली पेंड सतत लागते, आणि गावच्या जॅककडून ती तशी येत नाही. म्हणजे भाजणीचे यंत्र फसते ते बहुतेकदा दोन टप्पे आधी.

तोवर करण्यासारखे जे आहे ते चुलीचे आहे. तव्याखाली बंद भट्टी, भट्टीचे तोंड भाजणारीच्या उलट्या बाजूला, आणि धुराडे. कार्यक्षमता १२ वरून २४ टक्के झाली तर लाकूड निम्मे, आणि धूर डोळ्यांत जात नाही. यावर प्रबंध लिहून प्राध्यापकी मिळत नसेल, पण गारीच्या अर्थशास्त्रात एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याच सुधारणेत नाही.

कसाव्याच्या पांढऱ्या पिठाची गोष्ट थोडक्यात, कारण त्यात पैसा जास्त गेला आणि निकाल कमी. २००५च्या सुमारास नायजेरिया सरकारने पावाच्या मैद्यात दहा टक्के कसाव्याचे पीठ घालण्याचे धोरण आणले. या पिठाला आंबवायचे नसते. उपटल्यापासून चोवीस तासांत किसून, पिळून सुकवायचे. त्यासाठी फ्लॅश ड्रायर: गरम हवेच्या उभ्या नळीत भुगा सोडायचा, तो काही सेकंदांत सुकून सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा गोल फिरवून पीठ वेगळे करणाऱ्या नरसाळ्यात, पडतो. अबेओकुटाचे कृषी विद्यापीठ आणि ब्रिटनमधल्या ग्रिनिच विद्यापीठाची नैसर्गिक संसाधन संस्था यांनी २००८ पासून या साखळीवर पाच देशांत काम केले. कारागिरांनी ड्रायरची नक्कल करताना दिसते ते उचलले, म्हणजे नळी आणि सायक्लोन. न दिसणारे राहिले. पंख्याने हवा सेकंदाला १५ ते २० मीटरच्या वेगाने ढकलली नाही तर जड कण नळीच्या वाकणावर बसतात, तिथे स्टार्च शिजून खळीसारखा चिकटतो, आणि तासाभरात नळी बुजते. नळी आखूड असेल तर कण ओलेच बाहेर येतात, मग कुणीतरी हवा अजून तापवतो, पीठ पिवळे पडते. नळीला उष्णतारोधक वेष्टण नसेल तर डिझेल आकाशाला तापवण्यात जाते. आणि गव्हाचा भाव उतरला की गिरणीवाले कसाव्याचे पीठ घेत नाहीत, मग चांगला ड्रायरही गंजत उभा राहतो. हा शेवटचा दोष यंत्राचा नव्हे.

मोजमापाबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. इबादानच्या विद्यापीठात ओसुंटोकुन यांनी १९६० च्या दशकात पश्चिम नायजेरियातल्या कसावा खाणाऱ्या गावांत चाल बिघडणे, दृष्टी-श्रवण मंद होणे या मज्जाविकाराचा अभ्यास केला आणि त्याचा संबंध अन्नातल्या सायनाइडशी जोडला. काँगो आणि मोझांबिकमध्ये 'कोंझो' दिसतो: पाय अचानक आणि कायमचे ताठ होतात, मुले आणि तरुण बायका जास्त बळी पडतात. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला भागात दुष्काळात त्याची मोठी साथ आली. तिथे गारी करत नाहीत. कंदाचे तुकडे उन्हात वाळवून पीठ करतात. दुष्काळात कडू कंद असतात आणि घाई असते. तुकडे भराभर वाळले की पाणी संपते, विकर थांबते, लिनामारिन पिठात तसेच राहते. म्हणजे इथे जलद वाळवणे हेच धोक्याचे. चांगला सोलर ड्रायर बनवून वाटणाऱ्याने हे आधी वाचलेले असावे.

त्यावरचा उपाय ऑस्ट्रेलियातल्या ब्रॅडबरी यांनी सुचवला आणि काँगोतल्या संशोधकांनी गावांत राबवला. पीठ ओले करायचे, पाटीवर एक सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरायचे, उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचे, आणि त्याच दिवशी शिजवायचे. पिठात झोपलेले विकर पाणी मिळताच जागे होते, सायनाइड उडून जाते, आणि शिल्लक राहते तिसऱ्या ते सहाव्या हिश्शाएवढे. पाटी, पाणी, ऊन. थर जाड झाला तर मधला वायू अडकतो आणि पीठ आंबते, हीच एक चूक होण्यासारखी.

किती उरले ते कळायला पिक्रेट कागद. चपट्या तळाच्या लहान बाटलीत १०० मिलिग्रॅम पीठ, सामू सहाचे फॉस्फेट द्रावण, विकराचा कागद, आणि वर टांगलेली पिवळी पिक्रेटची पट्टी. झाकण घट्ट लावून ३० अंशांना रात्रभर ठेवायची. पट्टी पिवळीच राहिली तर ठीक, तांबूस-तपकिरी झाली तर सायनाइड आहे. रंगपट्टीशी ताडून अंदाज येतो. वर्णमापक असेल तर पट्टी ५ मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवून ५१० नॅनोमीटरला शोषण मोजायचे आणि ३९६ ने गुणायचे: किलोमागे मिलिग्रॅम. पिठासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा १० आहे, गारीसाठी २. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे प्रक्रिया केलेल्या पिठाला विकराचा कागद न घालणे. त्या पिठात विकर मेलेले असू शकते, मग लिनामारिन तुटत नाही, पट्टी पिवळी राहते आणि वाईट पीठ उत्तीर्ण होते. दुसरी चूक सैल झाकण. आणि कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते, ते कायम ओले ठेवायचे.

राहिली साल आणि पिळलेले पाणी. पाणी सायनाइड आणि स्टार्च दोन्ही घेऊन ओढ्यात जाते, मासे मारते आणि कुजून वास मारते. दोन सिमेंटच्या हौदांत पाणी एकातून दुसऱ्यात हळू सोडले तर तळाशी बसलेला स्टार्च विकण्याजोगा निघतो, आणि वरचे पाणी उथळ उघड्या हौदात राहिल्यास सायनाइड कमी होत जाते. सालीचे ढीग पूर्वी रस्त्याकडेला जळत किंवा कुजत पडत. आता इबादानच्या संशोधन संस्थांनी साल त्याच किसणीतून काढून, त्याच जॅकखाली पिळून, चाळून, उन्हात वाळवून जनावरांचा खुराक करण्याची पद्धत बसवली आहे. जी साल यंत्राने सोलता येत नाही, ती सोलून झाल्यावर मात्र गावातल्या दोन्ही यंत्रांतून बिनतक्रार जाते.